पायाला भिंगरी : दोन दिवस, एक बॅग आणि भरतीचं वेळापत्रक

उन्हाळा जवळ आला की माझी पत्रपेटी फुगते. या खेपेला सत्तावीस पत्रं आली, त्यातली आठ इथे घेतली आहेत. उरलेल्यांपैकी निम्म्यांचा मथळा ‘पाच दिवसांत युरोप’ असा होता. त्यांना मी वेगळं लिहिलं आहे, ते छापण्याजोगं नाही.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. ह्यांच्या नोकरीमागे संसार बांधत-सोडत मी अकरा वर्षं मिशिगनमध्ये आणि नऊ वर्षं श्टुटगार्टमध्ये काढली. लांबलचक रजा कधी जमली नाही, त्यामुळे आमचं सगळं फिरणं शनिवार-रविवारचं. परत आल्यावर बॅग उघडायच्या आधी मी एका वहीत त्या सहलीबद्दल एकच ओळ लिहायची. परवा ती वही चाळली, तर एकाही ओळीत हॉटेलचं नाव नाही. तेव्हा तुमचं पत्र वाचताना मी मनाशी एवढंच विचारते, की रविवारी रात्री हे लोक वहीत काय लिहितील?

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्र म्यूनिकमध्ये नोकरीला आहोत. जूनमधल्या एका वीकेंडला प्राग, व्हिएन्ना आणि हॉलस्टाट करायचं चाललंय. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत. प्लॅन कसा वाटतो?

उत्तर : मुलांनो, आधी एक सांगा, प्राग ‘करतात’ का? धुणंभांडी करतात.

तुमचा प्लॅन मी कागदावर मांडला. म्यूनिक ते प्राग गाडीने सहा तासांच्या आसपास, प्राग ते व्हिएन्ना चार, व्हिएन्ना ते साल्झबुर्ग अडीच, तिथून हॉलस्टाटला जाऊन येऊन आणखी चार-पाच आणि मग घर. बेरीज एकोणीस तासांच्या घरात जाते. त्यात झोप, जेवण आणि प्लॅटफॉर्मवरची धावपळ धरलेली नाही. हॉलस्टाटला घरं मूठभर आणि उन्हाळ्यात माणसं जत्रेसारखी. तुमच्या वहीतली ओळ असेल : ‘गाडी चुकली नाही.’

त्याऐवजी क्योनिग्सझे या तळ्याकाठी जा. तुमच्या खिशात डॉइचलांडटिकिट, म्हणजे जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास, असेलच. ते २०२३च्या मेमध्ये ४९ युरोंना निघालं, आता ६३ झालंय, पण अजूनही त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वेगवान आयसीई गाड्यांना ते चालत नाही, लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं. म्यूनिकहून फ्राइलासिंगला गाडी बदलून बेर्खटेसगाडेन, तिथून बस. सगळे मिळून तीन तास. शुक्रवारी रात्रीच पोहोचा आणि शनिवारी सकाळी पहिल्या-दुसऱ्या बोटीत बसा. दहानंतर तिकिटाची रांग बघून तुम्ही मला शिव्या द्याल.

या तळ्यावर १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत, त्यामुळे इंजिनाचा आवाज नाही. दोन्ही बाजूंना कडे सरळ पाण्यात उतरलेले. मध्यावर बोट थांबते, नावाडी दार उघडतो, पितळी वाद्य ओठांना लावतो आणि चार सूर वाजवून थांबतो. मग कडा ते चारही सूर, जरा विचार करून, परत पाठवतो. आमचे हे मला म्हणाले, ‘पलीकडे कोणीतरी बसवलाय.’ त्यांचं मराठी नावाड्याला कळलं असावं, कारण टोपी फिरवताना तो म्हणाला, पलीकडच्यालाही द्यावं लागतं, जरा सढळ हाताने टाका.

बहुतेक लोक सेंट बार्थोलोमेला उतरतात, लाल घुमटांच्या चर्चचा फोटो काढतात आणि परततात. तुम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत, सालेटपर्यंत जा. तिथून पंधरा मिनिटं चाललात की ओबरझे नावाचं दुसरं, लहान तळं लागतं. त्याच्या काठाने पाऊण-एक तास पुढे गेलात की फिशउंकेलआल्म ही गुराख्यांची झोपडी येते. आम्हाला तिथे गार ताक मिळालं होतं, जिरं नव्हतं एवढंच. समोर रोएटबाखचा धबधबा, ४७० मीटर. सालेटहून परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच पाटीवर वाचून ठेवा. काठाने परत यायला पायवाट नाही. ती बोट गेली की गेलीच.

शाकाहारी कोणी असेल तर केजेश्पेट्झले मागवा : चीज घातलेल्या मऊ शेवया, वर कुरकुरीत तळलेला कांदा. आणि रविवारचा खाऊ शनिवारीच घेऊन ठेवा, रविवारी जर्मनीत वाण्याचं दुकान उघडं नसतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी दरवर्षी कोणीतरी विसरतंच.

प्रश्न : मी डेट्रॉईटजवळ राहते. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. बाबा ७४ वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात. मॉल बघून झाले, नायगारा मागच्या खेपेला झाला. कुठे जाऊ या म्हटलं की आई ‘घरीच बरं’ म्हणते. दोन दिवसांत त्यांना झेपेल असं काही?

उत्तर : आई ‘घरीच बरं’ म्हणते तेव्हा तिला म्हणायचं असतं, माझ्या गुडघ्यांमुळे तुमचा खोळंबा नको. तेव्हा जिथे कोणालाच घाई करता येत नाही अशी जागा शोधायची. ती तुमच्याच राज्यात आहे.

मॅकिनॉ बेट. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘एसी’ असलं तरी म्हणायचं ‘मॅकिनॉ’च, नाहीतर फेरीबोटीवरचा पोऱ्यासुद्धा तुमचा उच्चार दुरुस्त करतो. १८९८ साली तिथल्या गावाने मोटारींना बंदी केली, कारण घोडे बुजत होते. ती बंदी आजही आहे. बेटाला वळसा घालणारा आठ मैलांचा रस्ता हा चक्क राज्य महामार्ग आहे, क्रमांक एम-१८५, आणि त्यावर मोटार चालत नाही. सायकली, पायी माणसं आणि घोडागाड्या, बस्स.

डेट्रॉईटहून मॅकिनॉ सिटी साडेचार तास. मध्ये एकदा बाबांना पाय मोकळे करू द्या, म्हणजे पाच धरा. गाडी धक्क्यावर ठेवायची आणि फेरीने वीसेक मिनिटांत पलीकडे. वरच्या डेकवर मुलं धावतात, तुम्ही आईला खालीच बसवा. जुलैतसुद्धा तिथलं वारं बोचरं असतं. शाल हवीच.

उतरल्यावर दोन वास एकदम येतात : घोड्याची लीद आणि उकळती साखर. दुकानांतून संगमरवरी टेबलांवर फज, म्हणजे तिकडची बर्फीच म्हणा, घोटत असतात, आणि तो घ्यायला झुंबड करणाऱ्या पर्यटकांना तिथले लोक ‘फजी’ म्हणतात. आपणही फजीच व्हायचं, लाजायचं नाही. जूनमध्ये गेलात तर लायलॅकच्या फुलांचा तिसरा वास मिळतो.

घोडागाडीची सहल घ्या, सुमारे दोन तासांची असते. आर्च रॉक ही नैसर्गिक दगडी कमान पाण्यापासून १४६ फूट उंचीवर आहे. किनाऱ्यावरून चढलात तर २०७ पायऱ्या, गाडीने गेलात तर आईला एकही नाही. फक्त गाडीचं पायठाण उंच असतं, चढताना दोघांनी धरा. माझ्या सासूबाईंना मी असंच धरून चढवलं होतं. त्यांच्या माहेरी टांगा होता. पाच मिनिटं गप्प बसल्या आणि मग मला म्हणाल्या, ‘त्या पोराला सांग, डावा लगाम ढिला धरलायस.’ मी टाळाटाळ केली. पुन्हा म्हणाल्या. शेवटी सांगितलं. पोरगा वळून हसला आणि लगाम आखडला. परत येईपर्यंत दोन्ही घोड्यांची नावं, वयं, खुराक सगळं विचारून झालं होतं, दुभाषी मी. त्या दिवशीची वहीतली ओळ : ‘आईंनी अमेरिकेला लगाम धरायला शिकवला.’

दुपारी बाबांना १८८७च्या ग्रँड हॉटेलचा व्हरांडा दाखवा. ६६० फूट लांब, ओळीने पांढऱ्या खुर्च्या, समोर पाणी. तिथे उतरलेले नसाल तर व्हरांड्यासाठीसुद्धा तिकीट काढावं लागतं. महाग वाटेल, पण दोन तास बसायला जागा आणि स्वच्छ बाथरूम, आई-बाबांबरोबर फिरताना यापलीकडे काय लागतं? मुक्काम मात्र मुख्य भूमीवरच करा, बेटावरचे दर ऐकून बाबा लगेच रुपयांत गुणाकार करतील. संध्याकाळी तिथूनच १९५७चा पाच मैलांचा पूल दिव्यांनी उजळलेला दिसतो, फुकट.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सी. मुलं नऊ आणि सहा वर्षांची. दर वीकेंडला तेच बीच, तीच राइड्स. काहीतरी वेगळं सांगा, पण तीन तासांपेक्षा जास्त गाडी नको, धाकटीला गाडी लागते.

उत्तर : स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर मे आणि जूनमधल्या पौर्णिमा-अमावास्या बघा. त्यांच्या आगेमागे उधाणाची भरती येते, आणि तुमच्याच राज्याच्या दक्षिण टोकाला, डेलावेअर उपसागराच्या काठावर, रात्री भरतीबरोबर हॉर्सशू क्रॅब वाळूवर चढतात. एकदोन नव्हेत, हजारोंनी. जगात सगळ्यात जास्त इथेच.

नाव क्रॅब असलं तरी हा खेकडा नाही, विंचू-कोळ्यांचा चुलतभाऊ आहे. डायनासोरच्या कितीतरी आधीपासून तो अस्साच आहे, घोड्याच्या नालेसारखी पाठ आणि मागे लांब टोकदार शेपटी. त्याचं रक्त निळं असतं, आणि इंजेक्शनांमध्ये जिवाणूंचं विष उरलं नाही ना हे तपासायला औषध कंपन्या ते वापरत आल्या आहेत. हे थोरल्याला सांगा, सोमवारी शाळेत सगळ्यांना ऐकवेल.

मादी वाळू उकरून हजारो अंडी घालते. ती खायला रेड नॉट नावाचे पक्षी उतरतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून कॅनडाच्या उत्तरेला निघालेले, आणि वाटेतलं त्यांचं भरपेट जेवण हेच. त्यांना उडवून लावू नये म्हणून या दिवसांत काही किनारे माणसांना बंद असतात. रीड्स बीचजवळ लांबून बघण्याची सोय आहे. स्वयंसेवकांच्या रात्रीच्या फेऱ्या निघतात, त्यांत आधी नाव नोंदवा. लाटेने उलटे पडलेले, पाय हलवत राहिलेले क्रॅब ते सुलटे करतात, आणि मुलांना ते काम मिळालं तर झोप विसरतील. धरायचं ते पाठीच्या कडेला. शेपटीला हात लावायचा नाही, ती मोडली की त्याला पुन्हा सुलटं होता येत नाही. ती विषारी वगैरे नसते, धाकटीला भिववू नका.

दुसऱ्या दिवशी केप मेला जा. १८५९चा दीपस्तंभ, आत १९९ पायऱ्या. मुलं मोजतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो.

प्रश्न : आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारतीय. राहतो अल्बनीला. चार जुलैच्या लाँग वीकेंडला पॅरिस, अशी बायकोला सरप्राइज द्यायची आहे. तिकिटं घेऊ का?

उत्तर : थांबा! ग्रीन कार्ड अमेरिकेत परत यायला चालतं, फ्रान्समध्ये शिरायला नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच. अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. अपॉइंटमेंट मिळणं हे वेगळंच पुराण. शिवाय बोटांचे ठसे द्यायला बायकोला स्वतः जावं लागलं तर सरप्राइज कसलं? पॅरिस पुढल्या वर्षी ठेवा.

यंदा पॅरिसची तहान कॅनडातल्या फ्रेंचभाषिक क्यूबेक शहरावर भागवा. ग्रीन कार्डधारकांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, वैध पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. हे वाचणाऱ्या एच-१बीवाल्यांनी मात्र हुरळून जाऊ नये, तुम्हाला व्हिसा लागतो. अल्बनीहून गाडीने साधारण सहा तास, तीन दिवस असतील तरच. मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेलं हे एकमेव शहर. संध्याकाळी नदीपलीकडच्या लेव्हीला जाणाऱ्या फेरीत बसा, दहा-बारा मिनिटांचा प्रवास, आणि उतरल्याउतरल्या परतीची पकडा. उजेड उतरताना पूर्ण गाव कड्यावर उभं दिसतं. नदीवरच्या महागड्या डिनर क्रूझमधूनही तेच दिसतं.

प्रश्न : बॉस्टन. सासू-सासरे आले आहेत. तीन दिवस अकादिया नॅशनल पार्कला जायचं ठरलंय. कॅडिलॅक माउंटनवरचा सूर्योदय चुकवू नका असं सगळे सांगतात. देशातला पहिला सूर्योदय ना तो?

उत्तर : उन्हाळ्यात नाही. कॅडिलॅकवर देशातली पहिली किरणं पडतात ती ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, थंडीच्या दिवसांत. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकतो आणि तो मान मेन राज्यातल्याच दुसऱ्या एका टेकडीकडे जातो. जूनमध्ये तिथे पाचच्या आत उजाडतं, म्हणजे सासूबाईंना साडेतीनला उठवायचं, तेही दुसऱ्या नंबरसाठी.

तरी जायचंच असेल तर ऐका. मेअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत शिखरावर गाडी न्यायला आगाऊ नोंदणी लागते, गाडीमागे ६ डॉलर. तीस टक्के जागा नव्वद दिवस आधी सुटतात, उरलेल्या सत्तर टक्के दोनच दिवस आधी सकाळी दहा वाजता. ‘सगळं फुल्ल’ दिसलं की लोक नाद सोडतात. तुम्ही दोन दिवस आधी दहाला पाच कमी असताना फोन घेऊन बसा. मी तर सूर्यास्ताचीच वेळ घेईन.

आणखी एक, पैशांचं. २०२६ पासून अकादियासह अकरा मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत, अमेरिकेत न राहणाऱ्या सोळा वर्षांवरील पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा पडतात. सासू-सासऱ्यांचे दोनशे होतात. फाटकावर कळून चेहरे पडण्यापेक्षा पार्कच्या संकेतस्थळावर चालू नियम बघून घरीच ठरवा. आणि त्यांच्यासमोर हा आकडा उच्चारू नका.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. बार हार्बर गावातल्या ब्रिज स्ट्रीटच्या टोकाला जा. रस्ता सरळ समुद्रात शिरतो. ओहोटी लागली की पाण्याखालून खडी-वाळूचा पट्टा वर येतो आणि समोरच्या बार आयलंडवर चालत जाता येतं. ओहोटीच्या तळाच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढाच वेळ. मग पट्टा बुडतो, तो पुन्हा नऊएक तासांनी दिसतो.

हे सगळं आम्ही वाचून गेलो होतो. ऑगस्टचा शनिवार होता. बेटावरच्या टेकडीवर चढलो, गावाकडे तोंड करून बसलो, ह्यांनी थर्मास उघडला. ‘अजून वीस मिनिटं आहेत’ असं हे दोनदा म्हणाले, दोन्ही वेळा वीसच. खाली आलो तेव्हा पट्टा होता, पण अंगणात बादली लवंडावी तसं दोन्हीकडून पाणी आत सरकत होतं. मध्यावर पोहोचलो आणि दोन्ही पाणी भेटली. चपला हातात, सलवार गुडघ्यापर्यंत, तळव्यांना शिंपल्यांच्या कडा. मेनचा समुद्र ऑगस्टमध्येही असा गार की दुखायला लागण्याआधी पाय बधिर होतात. काठावर एक आजोबा घडीच्या खुर्चीत बसले होते. आम्ही बाहेर पडल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. बहुधा रोजचाच कार्यक्रम असावा.

तुम्ही भरती ओसरून पट्टा वर आला की पहिल्या पंधरा मिनिटांत जा, म्हणजे सासू-सासऱ्यांना सावकाश चालता येईल आणि समुद्र बाजूला होताना दिसेल. गाडी त्या पट्ट्यावर उभी करू नका. मोह होतो, कारण दहा जणांनी केलेली असते. गावात आणि पार्कमध्ये जूनअखेरपासून फुकट बस फिरते, गाडी हॉटेलवरच राहू दे. जॉर्डन पाँडला पॉपओव्हर खा, आत पोकळ, बाहेर खरपूस, लोणी आणि जॅम. अंडं असतं, तेवढं आधी विचारून घ्या.

प्रश्न : कोब्लेन्झला मास्टर्स करतोय. एक वीकेंड, बजेट शंभर युरो, राहण्यासकट. हसू नका.

उत्तर : हसत नाहीये, शंभरातले दहा परत आणाल. लक्झेंबर्गला जा. २९ फेब्रुवारी २०२० पासून त्या अख्ख्या देशात बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे फुकट आहे, पाहुण्यांनाही. तुझं सेमिस्टर तिकीट जर्मनीभराचं असेल तर मोझेलच्या काठाने ट्रियरपर्यंत आणि पुढे सरहद्दीपर्यंत तेच चालतं, पलीकडे काहीच लागत नाही. राजधानीत अर्धा दिवस पुरे. मग व्हियांडेनची बस पकड. डोंगरावर किल्ला, खाली नदी, पुलाशेजारी व्हिक्टर ह्यूगो १८७१ साली राहिला ते घर. राहायला यूथ होस्टेल बघ. जेवण महाग आहे हो, म्हणून ट्रियरला शनिवारी सकाळीच ब्रेड, चीज, टोमॅटो घे. पैसे उरले तर किल्ल्याच्या वर जाणाऱ्या पाळण्यात बस, पाय लोंबकळत ठेवून.

प्रश्न : झ्यूरिक. ऑगस्टमध्ये मिलान आणि लेक कोमो? मुलगी अडीच वर्षांची, स्ट्रोलर असेल.

उत्तर : ऑगस्टच्या मध्यात मिलानचे लोकच मिलानमध्ये नसतात. १५ ऑगस्टला त्यांचा फेरागोस्तो, त्याच्या आगेमागे निम्म्या दुकानांच्या शटरवर ‘सुट्टीनिमित्त बंद’ची चिठ्ठी. ते लोक कुठे गेले? कोमोला. तुम्ही तिथे भर उन्हात फेरीच्या रांगेत, स्ट्रोलर घडी करून खांद्यावर.

तुमच्या दारात लाउटरब्रुनेन आहे, तिथे जा, आणि मुक्काम वर म्यूरेनला करा. केबलकार आणि तिला जोडून छोटी आगगाडी, मोटारींना रस्ताच नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना स्विस रेल्वेत तिकीट नसतं. विंटरएगहून म्यूरेनपर्यंतची वाट रुंद आहे, स्ट्रोलर जातं, आणि समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ एका रांगेत. मुलगी त्यांच्याकडे ढुंकून बघणार नाही. तिला गायींच्या गळ्यातल्या घंटा पुरतील.

खाली ट्र्यूमेलबाखला डोंगराच्या पोटात दहा धबधबे आहेत, त्याच तीन शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. बर्फ वितळतो म्हणून उन्हाळ्यातच त्याचा खरा जोर. पण चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, कडेवर घेऊनसुद्धा नाही. आई-बाबांनी आळीपाळीने जावं. जमलं तर १ ऑगस्टचा मुहूर्त धरा. तो त्यांचा राष्ट्रीय दिन, अंधार पडला की समोरच्या उतारांवर एकेक होळी पेटत जाते. खोली मात्र आजच बघा.

प्रश्न : ताई, मागच्या जूनमध्ये तुमचं सदर वाचून आम्ही मिडसमरला, म्हणजे स्वीडनच्या उन्हाळी सणाला, स्टॉकहोमला गेलो. शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर आम्ही दोघं आणि सीगल. सगळं बंद. पेट्रोलपंपावरचं सँडविच खाऊन झोपलो. हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

उत्तर : माहीत होतं, लिहायचं राहिलं. चूक शंभर टक्के माझी. मी मिडसमर पाहिला तो दालार्ना प्रांतात, ओळखीच्यांच्या घरी. लिहिताना विमान उतरतं ते गाव लिहून मोकळी झाले.

मिडसमरची पूर्वसंध्या १९ ते २५ जूनच्या मधल्या शुक्रवारी येते आणि त्या दिवशी स्टॉकहोमकर गाव सोडून खेड्यात, बेटांवर, आजोळी जातात. शहरातच अडकलात तर स्कान्सेन गाठायचं. १८९१चं उघड्यावरचं संग्रहालय, जुनी घरं उचलून आणून मांडलेली. तिथे पानाफुलांनी मढवलेला खांब उभारतात आणि भोवती कोणीही नाचू शकतं. एका गाण्यावर मोठी माणसं, टाय लावलेलीसुद्धा, बेडकासारखी उड्या मारतात. मी मारल्यात. गुडघ्यांनी आठवडाभर हिशेब मागितला.

खरी मजा हवी तर सिल्यान तळ्याकाठचं लेक्सांड, स्टॉकहोमहून गाडीने तीनेक तास. जेवणात नवे बटाटे शेपू घालून उकडलेले, आंबट साय आणि शेवटी स्ट्रॉबेरी. हेरिंग मासा बाजूला सारला तर आपलं जेवण. पुढच्या जूनची खोली तिथे हिवाळ्यातच शोधायला लागा.

आणि ते सँडविच शाकाहारी होतं का, कळवा. त्या देशातल्या पेट्रोलपंपावर मला ते कधी मिळालेलं नाही.